खिडकीबाहेरचे झाड आणि खाटेजवळची परिचारिका

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे निघालेला प्रवासी आरे-वारेच्या चढावर हमखास थांबतो. खाली सुरूचे बन, लगतच्या दोन पुळणी आणि समोर मोकळा समुद्र. मनावरचा ताण उतरल्यासारखे वाटते. हा अनुभव खरा आहे. पण त्यावरून ‘असे दृश्य समोर असले की रुग्ण लवकर बरा होतो’ असे कोणी म्हणू लागले, तर ते विधान तपासावे लागते. त्याच्या समर्थनार्थ रॉजर उलरिच यांचा ‘सायन्स’मधील १९८४ सालचा निबंध नेहमी पुढे केला जातो. दोनच पानांचा हा निबंध शिक्षकांनी मुद्दाम वाचावा, त्याच्या गुणांसाठी आणि एका उणिवेसाठीही.

उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या. पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण निवडून त्यांनी वय, लिंग, धूम्रपान, लठ्ठपणा इत्यादी बाबतींत जुळणाऱ्या २३ जोड्या लावल्या. जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांनी घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांनी. ‘अस्वस्थ आहे, रडत आहे’ अशा अर्थाचे परिचारिकांचे प्रतिकूल शेरे पहिल्या गटात रुग्णामागे १.१३, तर दुसऱ्या गटात ३.९६ होते. तीव्र वेदनाशामकेही पहिल्या गटाला कमी लागली.

मांडणी सावध आहे. एका मजल्यावरील खोल्यांना परिचारिका त्याच होत्या. जुन्या नोंदी उतरवून घेणाऱ्या परिचारिकेला कोणत्या रुग्णाला काय दिसत होते, हे ठाऊक नव्हते.

पण ज्यांनी त्या नोंदी मुळात लिहिल्या, त्यांना ते रोजच दिसत होते. भिंतीसमोरच्या कोंदट खोलीत शिरताना परिचारिकेच्या मनावर काहीच परिणाम होत नसेल का? ती तिथे कमी वेळ थांबत असेल, तिचा स्वर बदलत असेल, तर रुग्णाला बरे वाटले ते झाडामुळे की तिच्या वागण्यामुळे? शेरा तिने लिहिलेला, वेदनाशामक तिच्या हातून दिलेले आणि घरी कधी सोडायचे हा निर्णयही उपचार करणाऱ्यांचा. तिन्ही मोजमापे शुश्रूषा करणाऱ्यांमार्फत आलेली आहेत आणि त्यांच्या मनःस्थितीचे मोजमाप मात्र कुठेच नाही. निष्कर्ष यामुळे खोटा ठरत नाही, पण कारण उघड झाले असे म्हणता येत नाही.

ही उणीव भरून काढण्याच्या दिशेने एक पाऊल आपल्याच किनाऱ्यावर, गोव्यात पडले. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेली ८१ कुटुंबे होती. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ४१ कुटुंबांना प्रशिक्षित सल्लागार सहा महिने घरी जाऊन भेटत. इथे मोजले ते शुश्रूषा करणाऱ्याचेच मन. त्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याने होणारा त्रास कमी जाणवू लागला. शुश्रूषेचा एकूण भार घटला, पण ती घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. शिवाय १८ रुग्ण त्या काळात दगावले आणि ५९ कुटुंबेच अखेरपर्यंत राहिली. उत्तर देणाऱ्यांना आपल्याकडे सल्लागार येतात हे माहीत होते, ही मर्यादाही नजरेआड करता येणार नाही. तरीही प्रश्न योग्य व्यक्तीला विचारला गेला, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

घरोघरी आजाऱ्याचे करणारी सून, मुलगी किंवा पत्नी असते. रुग्णाला समुद्र दाखवून आणा, असे सांगणे सोपे आहे. तिला दुपारी दोन तास कोण मोकळे करणार, हे कोणी विचारत नाही. केवळ दृश्याचे गोडवे गाणारे संशोधन वाचून आपणही तो प्रश्न विसरतो.

उलरिच यांनी स्वतः इतका अतिरेक केलेला नाही. दीर्घकाळ कंटाळलेल्या रुग्णाला निसर्गापेक्षा गजबजलेला रस्ता अधिक उपकारक ठरू शकेल, असे त्यांनी निबंधाच्या शेवटी नमूद केले आहे. पडवीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची चौकशी करणारे आजोबा ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे पटावे. वर्गात हा निबंध घेताना विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: प्रत्येक आकडा कोणी लिहिला आणि लिहिताना त्याला काय माहीत होते?