आजोबा आणि नातू एकाच ओळीत

मे २०२० मधील केंद्र सरकारच्या टाळेबंदीच्या आदेशांत एक सूचना होती. ६५ वर्षांवरील व्यक्ती, आधीपासून आजार असलेल्या व्यक्ती, गरोदर स्त्रिया आणि १० वर्षांखालील मुले यांनी अत्यावश्यक कारणाखेरीज घरीच राहावे, असे त्यात म्हटले होते. आदेश म्हणून सूचना सुटसुटीत आहे. पण तीच पुढे फलकांवर आणि दूरदर्शनवर आरोग्यसंदेश म्हणून गेली, आणि तिथे तिची उणीव उघडी पडते. घरी का राहायचे, हे तिने कोणालाच सांगितले नाही.

कारण ठाऊक नव्हते असे नाही. फेब्रुवारी २०२० मध्येच चीनच्या रोगनियंत्रण केंद्राने ४४,६७२ निश्चित रुग्णांची वयवार आकडेवारी प्रसिद्ध केली होती. नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांत एकही मृत्यू नव्हता. ६० ते ६९ वयाच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ३.६ होते, ७० ते ७९ मध्ये ८ आणि त्यापुढे १४.८. (लक्षणे नसलेले बाधित यात फारसे नाहीत, ते धरले तर सगळेच आकडे उतरतील. चढ मात्र तसाच राहील. आठवी-नववीच्या वर्गात आलेख काढायला याहून चांगला नमुना क्वचितच मिळेल.)

तेव्हा आजोबांनी घरी राहायचे ते स्वतःच्या जिवासाठी. नातवाने मात्र मुख्यतः दुसऱ्यासाठी, कारण स्वतः फारसे आजारी न पडताही तो विषाणू घरी आणू शकतो. दोन कारणे अगदी निराळी, पण ओळ एकच. परिणाम असा की कित्येक मुलांना वाटले, आपल्यालाही आजोबांइतकाच धोका आहे. शिवाय दोन खोल्यांच्या घरात दोघेही एकत्रच कोंडले गेले. टाळेबंदी सैल झाल्यावर त्याच घरातून रोज कामावर जाऊन परतणारा चाळिशीचा बाप विषाणू आणण्याची शक्यता अधिक. त्याच्यासाठी त्या ओळीत शब्दही नव्हता.

याच्या उलट टोकाचे उदाहरण इंग्लंडमधले. ऑगस्ट २०२० मध्ये प्रेस्टन शहराच्या नगरपरिषदेने तरुणांना बजावले, ‘आजीला मारू नका!’ येथे वयोगट नेमका निवडला आहे, कारणही शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. तरीही मला हा संदेश वाईट वाटतो. विषाणू कोणामार्फत आला हे घरात बहुधा कधीच कळत नाही. घोषणेने मात्र गुन्हेगार आधीच ठरवून टाकला. बावीस वर्षांचा तरुण ती हसण्यावारी नेईल. दहा वर्षांचे मूल नेणार नाही, आणि घोषणा काही वय विचारून कानांत शिरत नाही.

माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेला शाळा पुन्हा भरल्यावर सहावीतल्या मुलीने हळूच विचारले होते, ‘‘बाई, आजी माझ्यामुळे गेली का हो?’’

वय बदलले की सत्य बदलत नाही, त्यातले कोणते कारण पुढे आणायचे ते बदलते. नॉर्वेच्या तेव्हाच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी १६ मार्च २०२० रोजी खास मुलांसाठी वार्ताहर परिषद घेतली. प्रश्न मुलांचेच होते. भीती वाटणे साहजिक आहे, हे त्यांनी प्रथम मान्य केले आणि मग शाळा का बंद केल्या ते समजावले. मोठ्यांना सांगितले त्यापेक्षा निराळे असे त्यात काही नव्हते. आपल्याकडे त्या दिवसांत फोन लावला की आधी खोकला ऐकू येई, मग सूचना. आजोबांना तीच आणि नातवालाही तीच.

त्या शिक्षिकेने मुलीला लगेच ‘नाही गं’ म्हटले नाही. तिने पाटीवर आजीचे नाव मध्यभागी लिहिले आणि त्या पंधरवड्यात घरात कोण कोण येऊन गेले ते मुलीलाच आठवायला सांगितले. दूधवाला, काका, शेजारच्या मावशी, औषध आणून देणारा मुलगा, बाबा. नऊ नावे झाली. मुलीने दहावे स्वतःचे लिहिले आणि पाटीकडे बराच वेळ पाहत राहिली.