गिटार आली म्हणून मंडळी गप्प झाली का?

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलेल्या बहुतेकांच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य हमखास असतं: अमुक आलं आणि तमुक बिघडलं. मोबाईल आला आणि वाचन गेलं, संकरित बियाणं आलं आणि चव गेली. माझ्याही आराखड्यात असं एक होतं. गाईडनी त्याखाली पेन्सिलीने फक्त रेघ ओढली होती, आणि ती रेघ का ओढली हे कळायला मला सहा महिने लागले. आज त्याच जातीचं एक वाक्य तुमच्यासमोर ठेवते. आमच्या चर्चमध्ये रविवारची उपासना संपली की बाहेर चपला घालता घालता ते मी लहानपणापासून ऐकत आलेय: "गिटार आणि कीबोर्ड आले आणि मंडळी गायची थांबली."

याच्या विरुद्ध बाजूचं वाक्यही तयार असतं. "गिटार-कीबोर्ड नसते तर तरुण पोरं चर्चमध्ये आलीच नसती." दोन्ही वाक्यं सारख्याच ठामपणे बोलली जातात, आणि दोन्हींत वाद्यालाच कारण ठरवलेलं असतं. मला दोन्ही पटत नाहीत. वाद्य काय आहे यापेक्षा त्याला काय काम दिलंय, हे बघायला हवं.

ज्यांना हे वातावरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अहिल्यानगर, पुणे, सोलापूर या भागांतल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक घरोघरी असतं. त्यात ना. वा. टिळकांची (1861-1919) पदं आहेत, त्यांच्या आधीच्या कृष्ण रत्नाजी सांगळ्यांची आहेत, आणि इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरंही आहेत. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण गाणं लिहिताना अभंगाचा आणि भजनाचा साचा सोडला नाही. त्यामुळे ही पदं पेटी, तबला आणि टाळांवर बसली. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. आता बऱ्याच ठिकाणी त्याच्या जोडीला, किंवा त्याच्या जागी, 'स्तुती-आराधना' असते: पुढे चार माईक, गिटार, कीबोर्ड, ड्रम आणि भिंतीवर प्रोजेक्टरने टाकलेले शब्द.

यावरचा सगळ्यात सोपा आक्षेप म्हणजे ही वाद्यं परकी आहेत. तो लगेच बाजूला ठेवू या, कारण तो टिकत नाही. आपली 'देशी' पेटी 1840च्या आसपास पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबँ याने घडवलेल्या हार्मोनियमची लेक आहे. पायाने भाता मारायचं ते वाद्य कोलकात्याला हाताच्या भात्याचं झालं आणि जमिनीवर बसलं. आकाशवाणीने तर 1940 ते 1971 या काळात पेटीला दारातच अडवलं होतं, कारण तिच्यातून मींड निघत नाही आणि तिचे स्वर समान अंतरांवर ठोकून बसवलेले असतात. म्हणजे कीबोर्डवर आज जो आरोप होतो, तोच शब्दशः पेटीवर झालेला आहे. शुद्ध गंधार षड्जापासून 386 सेंटवर असतो, पेटीचा आणि कीबोर्डचा 400 वर. चौदा सेंटची चूक दोघींचीही सारखीच.

पाश्चात्त्य चर्चचा इतिहासही या बाबतीत गमतीचा आहे. 1903 मध्ये पोप दहावे पायस यांनी काढलेल्या आदेशात पियानोला आणि ढोलासारख्या गोंगाटी वाद्यांना चर्चमध्ये मनाई होती. साठ वर्षांनी, 1963 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर वाद्यांनाही स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडलं. आणि गिटार तर त्याच्याही कितीतरी आधी आत येऊन गेली होती. 'सायलेंट नाइट' हे नाताळचं गीत 24 डिसेंबर 1818 ला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी पहिल्यांदा गायलं गेलं ते गिटारच्या साथीवर. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण त्याची चाल बांधणाऱ्या ग्रूबरने 1854 मध्ये गीताच्या जन्माची स्वतः हकिगत लिहून ठेवली, तिच्यात उंदीर नाहीत. गिटार वाजली हे लोकांना अपवादात्मक वाटलं, म्हणून तिच्यासाठी मागाहून कारण शोधलं गेलं असावं. आपल्या विषयातही असे उंदीर असतात. मूळ कागद बघा.

आता मुद्द्यावर येते. पेटीवाला काय करतो? गाण्याची चालच वाजवतो, स्वरास स्वर. तुम्हाला पद येत नसेल तरी कान पेटीच्या मागे जातो. गिटारवाला काय करतो? कॉर्ड वाजवतो. तीन कॉर्ड शिकलेला मुलगा अर्धी गाणी वाजवू शकतो असं म्हणतात, ते खरं आहे. पण त्या तीन कॉर्डमध्ये काय असतं बघा: पहिलीत सा-ग-प, दुसरीत म-ध-सा, तिसरीत प-नी-रे. सातही शुद्ध स्वर झाले! म्हणजे चाल कुठूनही गेली तरी कुठली ना कुठली कॉर्ड तिच्याखाली बसते. गाणाऱ्याला हे आधार देतं, पण पुढचा स्वर कोणता हे सांगत नाही. ज्याला चाल आधीच येते त्याच्यासाठी कॉर्ड म्हणजे पायाखालची जमीन. ज्याला येत नाही त्याला रस्ताच दिसत नाही, त्याला माईकवाल्याच्या तोंडाकडे बघत राहावं लागतं. पुढचा गाणारा जर दर वेळी हरकती बदलत असेल, तर मग बघणंच उरतं.

माझ्या शेजारी एक आजी बसायच्या. डोळ्यांनी अधू, पुस्तक कधी उघडायच्या नाहीत, टिळकांची पदं तोंडपाठ. पहिलं पद पेटीवर झालं की त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा असे. दुसरं नवं गीत सुरू झालं की त्या पदर नीट करायच्या आणि ओठ मिटून बसायच्या. त्यांना भिंतीवरचे शब्द दिसत नव्हते आणि चाल कुणी वाजवत नव्हतं. त्यांना गिटारचा राग नव्हता. "पोरगा छान वाजवतो गं," असं त्याच मला म्हणाल्या होत्या.

जुन्या पदांना गिटार लावली की वेगळीच अडचण होते, आणि इथे मला आमच्या वर्शिप टीमशी थोडं भांडायचंय. समजा पद भैरवीत आहे आणि सा म्हणजे पांढरी एक. भैरवीत रे, ग, ध, नी कोमल. गिटारवाला बघतो, उदास गाणं आहे, म्हणजे सी मायनर; मग सवयीने पंचमावर जी मेजर लावतो. जी मेजरमध्ये शुद्ध नी आणि शुद्ध रे आहेत. तिकडे मंडळी कोमल रे लावतेय, इकडे स्पीकरमधून शुद्ध रे येतोय. लोकांना नाव सांगता येत नाही, पण आवाज आपोआप बारीक होतो. आपणच चुकलो असं वाटतं. भैरवीच्या स्वरांतून पंचमावर कॉर्ड बांधली तर ती प, कोमल नी, कोमल रे अशी होते, तिला डिमिनिश्ड म्हणतात, ती फार बेचैन वाटते. त्यापेक्षा कोमल रेवर बांधलेली कॉर्ड घ्या: कोमल रे, म, कोमल ध. तिन्ही स्वर रागातले, आणि कॉर्ड चक्क मेजर. मग ती का वाजत नाही? कारण गिटारवर ती बार कॉर्ड आहे, एका बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात, आणि शिकाऊ हाताला जी मेजर सोपी पडते. 'परंपरा विरुद्ध आधुनिकता' म्हणून जे भांडण बैठकीत तासभर चालतं, त्यातलं निदान थोडं एका तर्जनीच्या ताकदीचं आहे.

स्वरपट्टीचंही तसंच. पुरुष साधारण काळी एक-दोनला आरामात गातात, बायका काळी चार-पाचला. मिश्र मंडळीत एकमेकांपासून सप्तकाच्या अंतराने गाताना मधली कुठली तरी पट्टी शोधावी लागते, आणि जुना पेटीवाला ती अंदाजाने धरायचा. दुसऱ्या ओळीला लोक ताणताहेत असं दिसलं तर खाली यायचा. आता पट्टी ठरते ती पुढच्या गायकाच्या गळ्याला शोभेल अशी. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण आहे, गिटारला कॅपो आहे. म्हणजे पट्टी बदलणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय! साधन हातात आहे, वापरलं जातंय एका माणसासाठी. त्यात हल्लीच्या बऱ्याच आराधना गीतांची रचना अशी की पहिलं कडवं अगदी खाली आणि ध्रुपद एकदम सप्तकभर वर. सरावलेल्या तरुण गळ्याला ते जमतं. बाकीचे पहिल्या भागात पुटपुटतात आणि दुसऱ्या भागात टाळ्या वाजवतात.

पण माझी सगळ्यात मोठी तक्रार कीबोर्डमधल्या तयार ठेक्याबद्दल आहे. तबलजी मिळत नाही म्हणून बटण दाबून केरवा चालू करतात. शंभर माणसं एकत्र गाताना ओळीच्या शेवटी श्वास घेतात, थोडं रेंगाळतात. तबलजी आणि पेटीवाला तेवढं थांबतात, ते थांबणं त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. यंत्र थांबत नाही. दोन ओळींत मंडळी अर्धी मात्रा मागे पडते, आणि मागे पडलेला माणूस सोडून देतो. हाच कीबोर्ड ठेका बंद करून, उजव्या हाताने चाल आणि डाव्या हाताने कॉर्ड असा वाजवला तर तो ऑर्गनचं काम करतो. वाद्य तेच.

इमारतीकडे कुणी बघत नाही म्हणून एक छोटा हिशेब करते. एक काल्पनिक जुनं दगडी चर्च घ्या: 30 मीटर लांब, 12 रुंद, 10 उंच, म्हणजे 3600 घनमीटर. सॅबाइनच्या सूत्राने आवाज 60 डेसिबलने उतरायला लागणारा वेळ = 0.161 गुणिले घनफळ भागिले एकूण शोषण. रिकाम्या चर्चचं शोषण 150 चौरस मीटर धरलं तर 3.9 सेकंद. 300 माणसं बसली, प्रत्येकी अंदाजे अर्धा चौरस मीटर, की शोषण 300 आणि वेळ 1.9 सेकंद. आता मिनिटाला 100 मात्रांची लय आणि मात्रेला दोन स्ट्रम, म्हणजे दर 0.3 सेकंदाला एक. माणसांनी भरलेल्या चर्चमध्येही नवा स्ट्रम पडतो तेव्हा आधीच्याचा घुमारा जेमतेम साडेनऊ डेसिबलने उतरलेला असतो. रिकाम्यात तर साडेचारनेच. हा चिखल आहे. ऑर्गनचे लांब स्वर अशा खोलीत फुलतात, तुटक स्ट्रम एकमेकांत मिसळतात. पत्र्याच्या किंवा बुटक्या छताच्या छोट्या प्रार्थनागृहात नेमकं उलटं होऊ शकतं. आणि आमची टीम सराव करते शनिवारी संध्याकाळी, रिकाम्या चर्चमध्ये!

आता तुम्हीच सांगा, "गिटार आली" या दोन शब्दांत किती गोष्टी एकदम आल्या? कॉर्ड, माईक, स्पीकर, प्रोजेक्टर, दर महिन्याला नवी गीतं, गीतांची वेगळी रचना, एकट्याच्या गळ्याची पट्टी. आधी म्हणणे आणि मागून उचलणे ही भजनाची पद्धतही त्याच सुमारास गेली, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त नुकसान तिच्या जाण्याने झालं, कारण न येणाऱ्याला शिकवण्याची सोय तिच्यात होती. हे सगळे घटक एकत्र बदलले असताना एकाचं नाव घेऊन त्याला कारण म्हणणं, हीच ती गाईडची पेन्सिलीची रेघ.

तरुणांच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे. ज्या चर्चमध्ये पंचकमिटीपासून अर्पणाच्या थाळीपर्यंत सगळं मोठ्यांच्या हाती असतं, तिथे सोळा वर्षांच्या मुलाला गिटारमुळे पुढे उभं राहायची जागा मिळाली. ती काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. आणि सगळे पेटीवाले काही संत नव्हते. भाता जोरात मारून मंडळीला ओरडायला लावणारेही मी ऐकलेत.

मी स्वतः हे मोजायचा प्रयत्न केला आणि फसले. मागच्या बाकावर फोन ठेवून डेसिबल नोंदवले. आकडे वाढले की मंडळी गातेय असं समजत होते. प्रत्यक्षात स्पीकर मोजत होते. आता करायचं झालं तर असं करीन: एकच ओळखीचं पद, एकच पट्टी. एका कडव्याला कीबोर्डवर नुसत्या कॉर्ड, दुसऱ्याला उजव्या हाताने चाल. पुढच्या रविवारी क्रम उलटा, नाहीतर दुसऱ्या कडव्याला लोक तापलेले असतात म्हणूनच फरक दिसेल. आणि प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ वाद्यं आणि माईक बंद करून, म्हणजे फोनवर माणसांचाच आवाज येईल.

त्यासाठी आधी पाळकसाहेबांची परवानगी हवी. मी गेले होते विचारायला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझा फोन चालू असताना कुणी प्रार्थनेत घरचं दुःख बोललं तर?" त्याचं उत्तर माझ्या आराखड्यात नव्हतं. सध्या तेवढा परिच्छेद नव्याने लिहितेय.