समतोल वृक्ष : एक संज्ञा, तीन अटी

संगणकावरील सूचीरचनेच्या अभ्यासात ‘समतोल वृक्ष’ ही संज्ञा इतकी रुळली आहे की, तिचा नेमका अर्थ कोणता, हा प्रश्न सहसा कोणी उपस्थित करीत नाही. पाठ्यपुस्तकांत एव्हीएल वृक्ष, लाल-काळा वृक्ष आणि बी-वृक्ष हे एकाच प्रकरणात येतात. शोधाच्या लॉगरिदमी मर्यादेवर त्यांची तुलना होते. आणि ‘शोध अधिक असल्यास एव्हीएल, फेरफार अधिक असल्यास लाल-काळा’ असे एक सूत्र विद्यार्थ्याच्या हाती दिले जाते. हे सूत्र असत्य नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि या अपुरेपणाचे मूळ संज्ञेच्या संदिग्धतेत आहे. तीन भिन्न अटींना एकच नाव मिळाल्यामुळे त्या अटींमागील तीन भिन्न खर्च दृष्टीआड होतात.

प्रथम त्या अटी पाहणे इष्ट होय. ॲडेल्सन-वेल्स्की व लँडिस या सोव्हिएत गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडलेल्या एव्हीएल वृक्षात कोणत्याही नोडच्या डाव्या व उजव्या शाखांच्या उंचीत एकाहून अधिक फरक पडू दिला जात नाही. बायर यांच्या १९७२ च्या कल्पनेवरून गिबास व सेजविक यांनी १९७८ मध्ये रूढ केलेल्या लाल-काळ्या वृक्षात अट सैल आहे : मुळापासून खाली जाणारी सर्वांत लांब वाट सर्वांत आखूड वाटेच्या दुपटीहून अधिक नसावी, एवढेच तेथे साधले जाते. बायर व मॅक्राइट यांच्या १९७२ च्या बी-वृक्षात सर्व पर्णे एकाच पातळीवर असतात, आणि मूळ वगळता प्रत्येक नोड किमान अर्धा भरलेला असतो. पहिली अट उंचीची, दुसरी वाटांच्या प्रमाणाची, तिसरी मुख्यतः जागेच्या भरणीची आहे.

आता उपरोक्त सूत्राची परीक्षा करता येईल. १० लाख शोधपदांसाठी परिपूर्ण द्विशाखी वृक्षास २० पातळ्या लागतात. एव्हीएल वृक्ष अत्यंत प्रतिकूल स्थितीतही २८ पातळ्यांपलीकडे जात नाही. लाल-काळ्या वृक्षाची मर्यादा ३९ आहे. हा फरक मोठा दिसतो. पण तो टोकाच्या स्थितीतला आहे. शोधपदे यदृच्छ क्रमाने आल्यास दोहोंची सरासरी खोली जवळजवळ सारखीच राहते. फेरफाराच्या बाजूसही सूत्र सरसकट लागू पडत नाही. क्रम न मोडता पालक व अपत्य नोडांची जागा बदलणे, म्हणजे रोटेशन. नवे पद घालताना एव्हीएल वृक्षास एकच, एकेरी वा दुहेरी, रोटेशन पुरते. लाल-काळ्यास फार तर दोन. खरा भेद पद वगळताना दिसतो : लाल-काळा वृक्ष तीन रोटेशनांत स्थिरावतो, तर एव्हीएलची दुरुस्ती पातळीपातळीने मुळापर्यंत पोहोचू शकते. अर्थात ‘फेरफार’ या शब्दाच्या पोटातही दोन निराळ्या क्रिया दडलेल्या आहेत.

सूची स्मरणातच मावत असेल, तर ही चर्चा सार्थ आहे. जावाच्या ट्रीमॅपमध्ये लाल-काळा वृक्ष आहे, तो याच क्षेत्रात. परंतु सूची डिस्कवर असली की हिशेबच पालटतो. मुख्य स्मरणातील एका वाचनास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या डिस्कवरील एका वाचनास काही मिलिसेकंद. म्हणजे हजारो पट. तेथे २८ पातळ्या म्हणजे २८ वाचने होण्याचा संभव. प्रत्येक नोडास किमान १०० शाखा असलेला बी-वृक्ष तीच १० लाख पदे फार तर तीन पातळ्यांत बसवतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी : नोडच्या आत द्विभाजनाने शोध केल्यास तुलनांची एकूण संख्या विसाच्या आसपासच राहते. बी-वृक्षामुळे तुलना वाचत नाहीत. पृष्ठांची वाचने वाचतात. या लाभाची किंमतही आहे. यदृच्छ भरणीत पृष्ठे सरासरी सुमारे ६९ टक्केच भरतात, आणि एका पदाच्या बदलासाठी सबंध पृष्ठ पुन्हा लिहावे लागते. याच लेखनभारावर उपाय म्हणून ओनील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एलएसएम वृक्ष मांडला; त्यात लेखन सलग व स्वस्त होते, पण वाचनास अनेक थर धुंडाळावे लागतात.

केवळ उंची पाहणारी कसोटी किती आंधळी ठरू शकते, याचे उदाहरण मराठी शब्दसूचीत सापडते. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘पुस्तक’ या शब्दात सहा चिन्हे आहेत. त्यास १८ बाइट लागतात, तर रोमन लिपीतील सहा अक्षरी शब्दास सहाच. पदागणिक आठ बाइटांचा निर्देशक धरला, तर ८,१९२ बाइटांच्या पृष्ठात रोमन पदे ५८५ मावतात, देवनागरी ३१५. १० लाख पदांसाठी पातळ्या दोहोंकडे तीनच. परंतु पूर्ण भरलेली पर्णपृष्ठे एकीकडे सुमारे १,७०० तर दुसरीकडे सुमारे ३,२०० लागतात. उंची तीच, स्मरणातील भार मात्र जवळजवळ दुप्पट. बायर व उंटराउअर यांच्या १९७७ च्या उपसर्ग-बी-वृक्षाचे महत्त्व येथे कळते. त्यात वरच्या नोडांत भेद दाखविण्यापुरताच पदाचा अंश ठेवतात आणि समान आद्यभाग गाळतात. देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी एकच असल्याने या पद्धतीस येथे विशेष वाव आहे. मात्र गाळलेला भाग तुलनेच्या वेळी पुन्हा हिशेबात धरावा लागतो.

लॉगरिदमी मर्यादा यंत्रनिरपेक्ष आहे आणि म्हणूनच शास्त्रीय आहे, असा आक्षेप यावर घेता येईल. त्यात तथ्य आहे. असमतोल वृक्ष साखळीसारखा लांबत जाण्याचा धोका तीच मर्यादा टाळते. तथापि तिन्ही वृक्ष त्या मर्यादेत बसतात. म्हणून त्यांच्यातून निवड करण्यास ती असमर्थ ठरते. निवड करावयाची तर प्रत्येक अट काय राखते, त्यासाठी कोणत्या क्रियेस किंमत मोजावी लागते आणि ती क्रिया प्रस्तुत सूचीत किती वेळा घडते, हे सांगितले पाहिजे. ‘समतोल’ या विशेषणाबरोबर या तीन गोष्टी सांगण्याचा प्रघात अध्यापनात पडला, तर संज्ञा बदलण्याची गरज उरणार नाही.