सांधलेली रेषा

आर्थिक आलेख हललाच पाहिजे, असा दंडक हल्ली झाला आहे. पट्टी सरकवली की वीस वर्षं सर्रकन निघून जातात, जिल्ह्यावर बोट ठेवलं की दरडोई उत्पन्न उगवतं. दिसायला सुरेख. पण ज्या वर्षांत कुणी काही मोजलंच नाही, त्या वर्षांतूनही आलेखावरचे बुडबुडे इतक्या ऐटीत कसे तरंगत जातात?

ही वाट स्वीडिश डॉक्टर हान्स रोसलिंगची. त्याचं २००६चं टेड भाषण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आडव्या अक्षावर उत्पन्न, उभ्यावर जगणाऱ्या बालकांचं प्रमाण, आणि त्यांतून बुडबुड्यांच्या रूपात वर चढणारे देश. पण तो प्रयोग रोसलिंगच्या जिवावर उभा होता. कुठल्या बुडबुड्यापाशी थांबायचं आणि का, हे तो सांगायचा. पुढच्याच वर्षी त्या बुडबुड्यांमागचं सॉफ्टवेअर गूगलने घेतलं. बुडबुडे जगभर गेले, रोसलिंग काही प्रत्येक आलेखासोबत जाऊ शकत नव्हता. त्यानंतरच्या स्तंभांच्या शर्यती म्हणजे निव्वळ करमणूक. शेअर बाजाराचे लाल-हिरवे चौकोन मार्टिन वॉटेनबर्गने १९९८मध्ये मांडले, त्यात नंतर कुणी मोलाची भर घातल्याचं मला दिसत नाही. सरकारी डॅशबोर्डांविषयी न बोललेलंच बरं.

या सगळ्यात मला अजून पुरून उरतो तो न्यूयॉर्क टाइम्सच्या 'अपशॉट'मधला मे २०१४चा एक लेख. अमेरिकेत दर महिन्याला रोजगाराचा अहवाल येतो आणि त्या एका आकड्यावर बाजार नाचतो. नील अर्विन आणि केविन क्वीली यांनी विचारलं, की वर्षभर रोजगार अगदी एकसारख्या गतीने वाढला असता, तर अहवालांत तो कसा दिसला असता? आणि आलेखातले स्तंभ थरथरू लागले. आत्ता चढण, क्षणात घसरण, मग मधेच खड्डा. हा आकडा नमुना पाहणीतून येतो, त्यात नमुन्यापुरती चूक असणारच. ज्या आकाराला पंडित तेजी किंवा मंदी म्हणतात, तसा आकार निव्वळ योगायोगानेही उमटतो, हे वाचकाला डोळ्यांनी दिसतं. या लेखातली हालचाल काढून टाकली तर लेखच उरत नाही. किती हलत्या आलेखांबद्दल असं म्हणता येईल?

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण अहवालातला महागाईचा पंख्यासारखा पसरत जाणारा आलेख जागचा हलतही नाही. तरी भविष्य जितकं लांब तितका तो रुंद होतो, म्हणजे स्वतःच्या अंदाजाची शंका तो उघड मांडतो. 'अवर वर्ल्ड इन डेटा'च्या दारिद्र्याच्या आलेखात, ज्या पाहण्यांची नीट तुलना होत नाही त्यांच्यामध्ये एका चौकोनावर खूण करून रेषा तोडून दाखवण्याची सोय आहे. चिमुकला चौकोन, माझ्या लेखी साऱ्या बुडबुड्यांहून मोठा.

आता आपल्याकडे या. उपभोग खर्चाची पाहणी २०११-१२ला झाली. २०१७-१८च्या पाहणीचे निष्कर्ष सरकारने जाहीर करायचे नाहीत असं ठरवलं. पुढचे आकडे २०२२-२३चे. मधल्या दशकात नोटाबंदी, जीएसटी, कोविड. आणि आलेख? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुळतुळीत रेषा! ही सजावटीची चूक म्हणून सोडून देता येणार नाही. सरकारने आकडे दडवून पाडलेली पोकळी आलेखकार आपल्या हाताने बुजवतो आहे.

नकाशांची तीच गत. गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटर, मुंबई शहर १५७. लोकसंख्या मात्र २०११च्या जनगणनेत गडचिरोलीची सुमारे पावणेअकरा लाख आणि मुंबई शहराची जवळपास एकतीस लाख. रंग भरला की डोळ्यांत गडचिरोलीच भरते, मुंबईसाठी भिंग लागतं. शिवाय जिल्ह्याचं उत्पन्न बहुतेक क्षेत्रांत थेट मोजलेलं नसतं, राज्याच्या आकड्यातून निर्देशकांच्या आधारे वाटून काढलेलं असतं. बोट ठेवल्यावर उगवणारा तो नेमका आकडा हे सांगतो का? पालघर तर २०१४मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. नकाशावर त्याचा २०११चा आकडा दिसला, तर तो मागाहून तालुके जोडून बनवलेला आहे, हे नकाशावरच लिहायला काय हरकत आहे?

आलेख करणाऱ्यांकडे मागणी साधी आहे. मोजलेल्या वर्षांवर ठिपका द्या, न मोजलेल्या वर्षांवर रेषा तोडा. अंदाज असेल तर फिका रंग वापरा. आणि हे जमत नसेल, तर ती सरकती पट्टी आधी काढून टाका.