दातांनी मेलेली माणसं

डॅनियल डीफोच्या १७२२ मधल्या ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’ या कादंबरीत मध्येमध्ये आकड्यांचे तक्ते येतात. तुम्ही ते भराभर स्क्रोल कराल. मला मात्र गोष्ट तिथंच सापडली.

१६६५ चं लंडन. दर आठवड्याला मृत्यूंचं छापील पत्रक निघतं. निवेदक एच. एफ. ते वाचतो. प्लेगचा आकडा लहानच, पण ताप आणि चक्क ‘दात’ या नावाखालचे मृत्यू एकाएकी वाढलेत. प्लेग म्हटला की दाराला कुलूप, आत अख्खं कुटुंब. मग घरचे दुसराच आजार नोंदवून घेत. प्रेत बघून कारण सांगायचं काम गरीब म्हाताऱ्या बायकांकडे होतं. त्यांतल्या एकीलाही डीफो बोलू देत नाही, हे मला खटकतं.

एच. एफ.च्या मते पत्रकातले ६८ हजार खोटे, प्लेगनं किमान लाखभर गेले. गाडीवाले अंधारात प्रेतं पुरत, मोजायला कुणी नसे, म्हणून हा अंदाज.

अंदाज म्हटलं की झटकणं सोपं. २०२०-२१ मध्ये भारतात सरकारी नोंदीत सुमारे ४.८ लाख कोविडमृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं नेहमीपेक्षा ४७ लाख मृत्यू जास्त. त्यात उपचारांअभावी दुसऱ्या आजारानं गेलेलेही आले. सरकारनं ती पद्धतच अमान्य केली. एच. एफ. निदान आपला आकडा कसा काढला ते सांगतो, आणि पत्रकही शेजारी छापतो.