मुद्दल प्रेक्षकाचं

सिनेमाच्या बाबतीत मी कॉमर्सचा पदवीधर आहे. म्हणजे गुंतवलेला वेळ वसूल झाला की बुडाला, एवढंच मला कळतं. त्यामुळे अब्बास कियारोस्तामी या इराणी दिग्दर्शकाचा 'फाइव्ह' हा २००३ सालचा चित्रपट भाच्यानं ''मामा, हा बघाच'' म्हणून लावून दिला, तेव्हा मी मनातल्या मनात खतावणीच उघडली. जमेला : पाच दृश्यं, सुमारे ७४ मिनिटं, कास्पियन समुद्राचा किनारा. नावे : गोष्ट नाही, संवाद नाही, नट नाहीत. नायिका तर शोधूच नका.

पहिल्या दृश्यात लाटा एका लाकडाच्या ओंडक्याशी खेळतात. ओंडक्याचा तुकडा मोडतो आणि वाहून जातो. दुसऱ्यात समुद्राकाठच्या रस्त्यावरून माणसं येतात-जातात. तिसऱ्यात पाण्याजवळ कुत्री पडलेली असतात. चौथ्यात बदकं. पाचव्यात रात्रीच्या तळ्यातला चंद्र आणि बेडूक. ''अहो, सुरू कधी व्हायचाय?'' असं आमच्या हिनं विचारलं, तेव्हा निम्मा चित्रपट होऊन गेला होता.

हा चित्रपट यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाला अर्पण केलेला आहे. ओझू मोठा हिशेबी माणूस. जन्म १२ डिसेंबर १९०३ आणि मृत्यू १२ डिसेंबर १९६३. मुदत ठेव मुदतीच्याच दिवशी परत! कामाकुराजवळच्या त्याच्या थडग्यावर नावही नाही, फक्त 'मु' हे अक्षर आहे. अर्थ : शून्य, काहीच नाही. आमच्याकडे शिल्लक शून्य झाली की खातेदार भांडायला येतो. तिथे ती दगडावर कोरतात.

पण ओझूचे चित्रपट रिकामे मुळीच नाहीत. त्यांत बाप असतो, लग्नाची मुलगी असते, घर मोडत असतं. मधेच तो काही क्षण माणसं सोडून नुसती एखादी वस्तू दाखवतो. 'लेट स्प्रिंग' या १९४९ सालच्या चित्रपटात लग्नाआधी बापाबरोबर शेवटच्या सहलीला आलेली मुलगी रात्री पडल्या पडल्या हसते. मग खोलीतली फुलदाणी दिसते. पुन्हा मुलगी दिसते, तेव्हा तिला रडू येत असतं. अशा मधल्या मोकळ्या जागेला जपानी लोक 'मा' म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचं तर गोष्ट हे मुद्दल आणि ती फुलदाणी हे व्याज.

कियारोस्तामीनं काय केलं, तर मुद्दल काढून घेतलं आणि ७४ मिनिटं नुसतं व्याज ठेवलं. कुठल्याही बँकेत हे चालणार नाही. इथे चालतं, कारण मुद्दल प्रेक्षकानं आणायचं असतं.

सगळीकडे सारखं चालतं असं मात्र नाही. कुत्र्यांचं दृश्य मला लांबलेलं वाटलं. ती काही करत नाहीत आणि चित्र हळूहळू पांढरंफटक होत जातं. बदकं पाहावीत! एकेक, घाईघाईनं, महत्त्वाचं काम असल्यासारखी एका दिशेला जातात आणि मग सगळी मिळून उलट दिशेला पळत सुटतात. सरकारी कचेरीत खिडकी बदलली की रांगेचं हेच होतं. चंद्राच्या दृश्यावर ऑडिटर शेरा मारील. ते एकाच रात्रीचं सलग वाटतं, पण प्रत्यक्षात बऱ्याच रात्रींचे तुकडे जोडलेले आहेत. मी ते व्हाउचर पास केलं. निवांतपणा कुणालाच आयता मिळत नाही, तोही थोडा थोडा करून साठवावा लागतो.

मी माझं मुद्दल भरलं ते दुसऱ्या दृश्यात. काही म्हातारे रस्त्यावर भेटतात, कठड्यापाशी थांबतात, बोलतात. काय बोलतात ते ऐकू येत नाही. मग ते पांगतात आणि मागे समुद्र उरतो. आमच्या कॉलनीच्या बाकावर रोज संध्याकाळी चार पेन्शनर बसत. पावसाळ्यापासून तिघेच बसतात, पण चौथ्याची जागा सोडून. त्या सोडलेल्या जागेवर अजून कुणी पिशवीसुद्धा ठेवलेली नाही. जाता-येता मी ती रोज पाहत होतो. पण तिच्याकडे पुरता वेळ पाहायला हवं, हे मला त्या इराणी समुद्रानं सांगितलं.

बघणाऱ्यांसाठी दोन सूचना. कुकर लावून बघू नका, शिट्ट्या आणि लाटा एकदम मोजता येत नाहीत. डोळा लागलाच तर लाजू नका. प्रेक्षकाला डुलकी घेऊ देणारे चित्रपट आपल्याला आवडतात, असं खुद्द कियारोस्तामीच सांगत असे. फक्त बदकं परत यायच्या आत जागे व्हा.