नादाचा लहानमोठेपणा : बडी गाय यांचे ब्लूज गिटारवादन

प्रस्तावना

संगीतशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात नादाची तीन लक्षणे सांगितलेली असतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. पहिल्या लक्षणातून स्वर, श्रुती, सप्तक, राग असा सारा डोलारा उभा राहतो आणि त्यावर मराठीत विपुल व मोलाचे लेखन झालेले आहे. उरलेल्या दोन लक्षणांची मात्र व्याख्येपलीकडे फारशी विचारपूस होत नाही. आवाज ‘भरदार’ आहे, ‘गोड’ आहे, ‘पल्लेदार’ आहे एवढे नोंदवून समीक्षक रागविस्ताराकडे वळतो. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ या ग्रंथात स्वर आणि लय या दोन टोकांच्या दरम्यान घराण्यांची जी मांडणी केली, तिने मराठी संगीतसमीक्षेला एक भक्कम चौकट दिली. परंतु त्या चौकटीतही नाद किती मोठा, किती हळू, कोणत्या पोताचा, हा प्रश्न दुय्यमच राहतो.

ज्या कलावंताचे जवळजवळ सारे कर्तृत्व या दोन उपेक्षित लक्षणांत सामावलेले आहे, त्याच्यासमोर हे अपुरेपण उघडे पडते. अमेरिकन ब्लूज गिटारवादक जॉर्ज ‘बडी’ गाय हे असे कलावंत होत. (आडनावाचा उच्चार मराठी कानाला क्षणभर थबकवतो, म्हणून पुढे त्यांचा उल्लेख रसिकांत रूढ असलेल्या ‘बडी’ या नावानेच केला आहे.) फेब्रुवारी २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज महोत्सव झाला, त्याचे ते प्रमुख आकर्षण होते. त्या वेळी त्यांचे वय ७४ वर्षांचे होते आणि त्याच महिन्यात त्यांच्या ‘लिव्हिंग प्रूफ’ या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पुढेही ते मुंबईत आले. म्हणजे हा विषय मराठी श्रोत्याच्या कानांपासून फार दूरचा नाही. दूर आहे ती त्याविषयी बोलण्याची परिभाषा.

तार, ताण आणि मींड

बडी यांचा जन्म ३० जुलै १९३६ रोजी लुइझियाना राज्यातील लेट्सवर्थ येथे, दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबात झाला. कापूस वेचणीत बालपण गेले. घराच्या खिडकीला लावलेल्या डासांच्या जाळीच्या तारा काढून त्या ताणून वाजवण्याचा उद्योग त्यांनी लहानपणी केल्याचे ते सांगतात. वणीला नवरात्रात देवीच्या दर्शनाला निघालेल्या मंडळींना गोंधळ्याच्या हातातील तुणतुणे ठाऊक असते. एक पोकळ भांडे, एक दांडा, एक तार : एवढ्या सामग्रीतून नाद काढण्याची ही वृत्ती दोन्हीकडे सारखीच आहे. साम्य मात्र इथेच संपते, कारण तुणतुण्याची तार एकच आधारस्वर धरून राहते, तर ब्लूजमधील तार सतत आपली जागा सोडू पाहते.

ब्लूजची नेहमीची रचना चार मात्रांच्या बारा गटांची, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांच्या आवर्तनाची असते. गीताची पहिली ओळ दोनदा येते आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते. प्रत्येक ओळ तिच्या वाट्याच्या मात्रांपैकी साधारण निम्म्याच मात्रा व्यापते. उरलेली जागा वाद्याची. गायकाने सोडलेल्या या मोकळ्या जागेत गिटार बोलते, हे या संगीताचे मूळ गणित आहे. ख्यालगायनात गायक दम घेतो तेव्हा सारंगी किंवा हार्मोनियम जे करते, त्याच्याशी याचे नाते आहे; फरक एवढाच की येथे गायक आणि वादक पुष्कळदा एकच असतो व त्याला स्वतःलाच स्वतःचे उत्तर द्यावे लागते.

स्वरांच्या दृष्टीने पाहता ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कोठेतरी हेलकावत असतो. तो पडद्यावर मिळत नाही. तार पडद्यावर आडवी खेचून तो मिळवावा लागतो. ही क्रिया सतारीवरील मींडीचीच आहे. सतारीच्या पडद्यावर तार पाच स्वरांपर्यंतही खेचता येते. गिटारवर ही मजल सहसा एक-दीड स्वराची असते, आणि म्हणूनच त्या लहान अंतरात काय घडते याला फार महत्त्व येते. बी. बी. किंग (१९२५–२०१५) तार खेचून नेमक्या जागी पोहोचत आणि तेथे डाव्या हाताच्या कंपनाने स्वर डोलवत ठेवत. त्यांचा स्वर गोल व सुटा असतो, आणि दोन स्वरांमध्ये शांतता असते. बडी त्यांना गुरुस्थानी मानतात. पण त्यांचा स्वर त्या जागी कधीच निवांत बसत नाही. तो थोडा वर सरकतो, मागे येतो, पुन्हा झेपावतो. किंग यांच्या वादनात वाक्य पूर्ण झाल्याची भावना असते. बडींच्या वादनात बोलणाऱ्याचा कंठ दाटून आल्यामुळे वाक्य मध्येच तुटल्याची भावना असते.

लहानमोठेपणातून जाती

विजेवरील गिटार आणि व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर या जोडीचा एक गुणधर्म येथे समजून घेणे आवश्यक आहे. तारेवर हलका आघात केला तर स्वच्छ, काहीसा काचेसारखा नाद मिळतो. आघात वाढवला, किंवा गिटारवरील आवाजाची कळ पुढे फिरवली, की ॲम्प्लिफायर आपल्या क्षमतेच्या टोकाशी येतो. ध्वनिलहरीचे माथे चपटे होतात आणि मुळात क्षीण असलेले स्वयंभू स्वर उसळून वर येतात. नाद खरखरीत, दाट, ओरखडा काढणारा होतो. म्हणजेच लहानमोठेपणा बदलताच जातीही बदलते. पाठ्यपुस्तकात स्वतंत्र असलेली ही दोन लक्षणे या वाद्यात एकमेकांत गुंतलेली आहेत. बडी वापरतात त्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारची आवाजाची कळ उजव्या हाताच्या करंगळीच्या टप्प्यात असते, ही बाब किरकोळ वाटली तरी निर्णायक आहे. वाजवता वाजवता, एकाच स्वरसमूहाच्या आत, नादाचा आकार आणि पोत बदलता येतो.

छेडलेल्या तारेची जन्मजात मर्यादा ही की तिचा नाद उमटल्या क्षणापासून मावळू लागतो. सतारिया चिकारीच्या व झाल्याच्या भरण्याने ही उणीव झाकतो. बडी वेगळी वाट घेतात. ॲम्प्लिफायरसमोर गिटार विशिष्ट अंतरावर धरली की ध्वनिक्षेपकातून आलेला नाद तारेला पुन्हा कंप देतो आणि स्वर मावळण्याऐवजी फुगत जातो. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने हा दोषच. १९६० ते १९६७ या काळात शिकागोच्या चेस कंपनीत बडी ध्वनिमुद्रण करीत असताना मालक लेनर्ड चेस यांचेही मत तेच होते. त्यांना हा गोंगाट वाटे. त्यामुळे त्या काळातील बडींच्या बऱ्याच ध्वनिमुद्रणांत गायन उत्कट आणि गिटार आवळलेली आढळते. क्लबात रात्री जे ऐकू येई ते तबकडीत उतरत नसे. दरम्यान जिमी हेंड्रिक्स व इंग्लंडमधील तरुण वादकांनी याच गोंगाटावर जगभर नाव मिळवले. १९६८ च्या न्यूयॉर्कमधील एका चित्रफितीत स्वतः हेंड्रिक्स बडींचे वादन पाहताना दिसतात. चेस यांनी पुढे आपल्या चुकीची कबुली दिल्याचा किस्सा बडी रंगवून सांगतात.

मात्र बडी म्हणजे केवळ कर्कश नाद, असा समज करून घेणे अन्यायाचे होईल. मडी वॉटर्स यांच्या ‘फोक सिंगर’ (१९६४) या ध्वनिमुद्रिकेत ते विजेविना वाजणारी गिटार घेऊन बसले आहेत. वय अवघे सत्तावीस. वडीलधाऱ्या गायकाच्या शब्दांना धक्का न लावता, ओळीच्या शेवटी दोन-तीन स्वर ठेवून ते बाजूला होतात. संगतकाराच्या संयमाचा हा वस्तुपाठ आहे. ज्युनियर वेल्स यांच्या ‘हूडू मॅन ब्लूज’ (१९६५) या ध्वनिमुद्रिकेचा प्रसंग तर जातीच्या विचारासाठी फार उद्बोधक आहे. ध्वनिमुद्रणात बडींचा ॲम्प्लिफायर बिघडला, तेव्हा त्यांची गिटार हॅमंड ऑर्गनच्या फिरत्या ध्वनिक्षेपकाला जोडण्यात आली. नाद एकदम पाण्याखालून आल्यासारखा लहरता झाला. बडींनी त्यावर मात करण्याचा खटाटोप केला नाही; त्या पोताला साजेल असे तुटक, विरळ वादन केले. नादाची जाती बदलली म्हणून स्वरवाक्यही बदलणारा हा कान आहे. (चेस कंपनीशी करार असल्यामुळे पहिल्या आवृत्तीवर त्यांचे नाव ‘फ्रेंडली चॅप’ असे छापले गेले, ही त्यातली गंमत.)

मैफलीतील वादन

बडींनी तरुणपणी लुइझियानात गिटार स्लिम (१९२६–१९५९) या वादकाला पाहिले होते. लांबच लांब वायर जोडलेली गिटार वाजवत तो श्रोत्यांतून येई. वादन बी. बी. किंगसारखे आणि वावर गिटार स्लिमसारखा, हे बडींनी तेव्हाच ठरवले. १९५७ मध्ये शिकागोला आल्यावर तेथील क्लबांत बसून वाजवणाऱ्या ज्येष्ठांच्या मांदियाळीत हा उभा राहून, चालत, प्रसंगी दाराबाहेर रस्त्यावर जाऊन वाजवणारा मुलगा लक्षात राहिला. पुढील अनेक दशके मंच सोडून श्रोत्यांमध्ये उतरणे हा त्यांच्या कार्यक्रमाचा ठरलेला भाग झाला. तबल्यावरील थापेऐवजी ड्रमच्या काठीने तारांवर आघात करणे, हातरुमालाने तारा फटकारणे, गिटार पाठीमागे धरणे, हेही त्यात आले.

या सगळ्यात डोळ्यांना सुखावणाऱ्या करामतीपेक्षा कानांसाठी जे घडते ते अधिक मोलाचे आहे. पूर्ण आवाजात वाद्यवृंद चालू असताना बडी हात खाली करतात. ढोल, बास, पियानो सारे एका क्षणात कुजबुजीवर येतात. गिटारची कळ जवळजवळ बंद होते. तारेवर बोट घासल्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. पुष्कळदा ते ध्वनिग्राहकापासून दूर सरून उघड्या गळ्याने गातात. हजारोंच्या गर्दीला आता श्वास रोखून ऐकावे लागते. कोणी बोललेच तर बडी थट्टेने त्याला गप्प करतात. आणि मग, श्रोता पुढे झुकलेला असतानाच, एकच स्वर पूर्ण ताकदीने कोसळतो. तो स्वर मोठा वाटतो तो आधीच्या शांततेमुळे. मिरवणुकीत भिंतीएवढे ध्वनिक्षेपक लावून अखंड एकाच पातळीवर चालणारा आवाज काही वेळाने मोठा वाटेनासा होतो, फक्त त्रासदायक राहतो, याचा अनुभव गावोगाव आहे. लहानमोठेपणा हे लक्षण लहान आणि मोठे या दोहोंच्या अंतरात असते. बडींनी ते अंतर जितके ताणले तितके फार थोड्या वादकांनी ताणले असेल.

आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत. मैफलीत बडी गीत सुरू करतात, ते रंगात आले की सोडून देतात, मध्येच जॉन ली हुकर, एरिक क्लॅप्टन, हेंड्रिक्स यांच्या लकबींची झलक दाखवतात, विनोद करतात आणि मूळ गीताकडे परतत नाहीत. याचे समर्थन ‘ही लोककला आहे, तिला बैठकीचे नियम लावू नयेत’ असे करता येत नाही. लोकपरंपरांनाही शिस्त असते. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगातील अभंग मध्येच थांबवून दृष्टांत सांगतात, हशा पिकवतात, आख्यान लावतात. परंतु शेवटी मूळ अभंगाची ओळ पुन्हा उचलतात आणि तेथेच सारे विखुरलेले धागे एकत्र येतात. श्रोता भटकंतीला राजी असतो तो या परतीच्या भरवशावर. बडींच्या उत्तरायुष्यातील कितीतरी कार्यक्रमांत हा भरवसा पाळला गेलेला नाही. संथ लयीचे ब्लूज, जे त्यांच्याइतके आर्त कोणीही वाजवू शकले नसते, अर्ध्यावर विरून जाते. कुजबुज आणि स्फोट यांचा खेळही रोज त्याच ठिकाणी होऊ लागला की त्यातील धक्का ओसरतो, साचा उरतो. दीर्घ काळ उपेक्षा सोसलेल्या कलावंताला श्रोत्यांची टाळी हातची जाऊ द्यायची नव्हती, हे समजून घेता येते. १९८० च्या दशकात अमेरिकेत त्यांना नव्या ध्वनिमुद्रणाची संधी जवळपास मिळालीच नव्हती. ‘डॅम राइट, आय हॅव गॉट द ब्लूज’ (१९९१) या ध्वनिमुद्रिकेने त्यांना पंचावन्नाव्या वर्षी व्यापक कीर्ती मिळवून दिली. तरीही समजून घेणे वेगळे आणि उणिवेला गुण म्हणणे वेगळे.

ही उणीव जिथे दिसत नाही अशी त्यांची उत्तरकाळातील कृती म्हणजे मिसिसिपीत ध्वनिमुद्रित झालेली ‘स्वीट टी’ (२००१). तिची सुरुवात विजेविना वाजणाऱ्या एकट्या गिटारने होते. वार्धक्य आल्याची कबुली देणारे ज्युनियर किंब्रो यांचे गीत बडी जवळजवळ स्वतःशीच गातात. आवाजात कंप आहे, तारांवर घाई नाही, एकही स्वर दाखवण्यासाठी नाही. गीत संपते. थोडी शांतता. आणि दुसऱ्या गीताच्या आरंभी जुन्या ॲम्प्लिफायरमधून असा दाट, चिखलासारखा जड नाद बाहेर पडतो की आधीचा म्हातारा हाच का, असा प्रश्न पडावा. येथे मंच नाही, विनोद नाही, समोर श्रोते नाहीत. मैफलीत हाताच्या इशाऱ्यावर घडणारे ते अंतर या वेळी दोन गीतांच्या मधल्या रिकाम्या जागेत आहे.